बडग्याचं डोकं

गेल्या होळीपासून माझ्या घरात जे जे घडलं, ते आमच्या गल्लीला माझ्याआधी ठाऊक होतं. नागपूरच्या नंदनवनात हे असंच चालतं. तुम्ही नुसता पेचकस घेऊन अंगणात उतरा, स्क्रू अजून भोकापर्यंत पोचलेला नसतो, तोच समोरचे काका फाटकाला टेकलेले असतात, बाजूचे भाऊजी भिंतीवरून डोकावतात, कोपऱ्यावरचे गुरुजी, ज्यांची नोकरी सुटून जमाना झाला पण वह्या तपासायची सवय सुटली नाही, ते सायकलवरून एक पाय खाली टेकवतात आणि तिघंही विचारतात, “काहून, काय करून राहिले?” या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. ती प्रस्तावना असते. मागून सल्ला येतो.

तुम्ही बऱ्याच दिवसांनी आलात, तर बसा. चहा होतो आहे तोवर यंदाची खबरबात सांगून टाकतो. नाहीतर चौकात उतरल्यावर पानठेल्यावरून तुम्हाला ती कळेलच, आणि तिथे माझी बाजू मांडायला कुणी नसतं.

सुरुवात कूलरपासून. नागपुरी माणसाचं नवं वर्ष पाडव्याला सुरू होतं ते पंचांगापुरतं. खरं वर्ष सुरू होतं कूलर खाली काढला की. होळीची राख निवते न निवते तोच सज्ज्यावरचा, जिन्याखालचा, पोत्यात बांधून ठेवलेला कूलर अंगणात येतो. मग ताट्या बदला, टाकी गळते का पाहा, पंप झटकून पाहा, मोटरला तेल द्या. ज्यांच्याकडे एसी आहे तेही कूलर लावतातच, कारण विजेचं बिल पाहून जो घाम फुटतो त्यावर एसी चालत नाही.

कूलरचं शास्त्र मला चांगलं ठाऊक आहे. बाहेरची कोरडी झळ ओल्या ताटीतून आत ओढायची. ताटीतल्या पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं आणि खोलीत येणारा वारा गार होतो. हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात, म्हणून हे यंत्र नागपुरात राज्य करतं आणि मुंबईत नुसतं भिजवतं. खोलीची दुसरी खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे आलेली हवा पुढे निघून जाते आणि नवी येत राहते. हे सगळं मी बायकोला टाकी घासता घासता समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढं कळतं, तर कूलरवाल्याला फोन करा.”

आता सांगा, ज्याला शास्त्र कळतं त्याने कूलरवाल्याला पैसे मोजायचे? माझ्यातला बी.एस्सी. पास क्लास दुखावला. मी इतवारीत लोहाओळीपर्यंत जाऊन जाळी आणली, वाळ्याच्या ताट्या आणल्या, एम-सील आणलं, आणि एप्रिलमध्ये पारा 44 च्या वर गेलेला असताना, शहाणी माणसं पडदे ओढून आंब्याचं पन्हं पीत असताना, डोक्याला ओला दुपट्टा बांधून मोटर उघडली. उघडायची गरज नव्हती. पण तेल द्यायचंच आहे तर नीट देऊ, असा विचार मनात आला, आणि माझ्या आयुष्यातले सगळे खर्च याच ‘नीट’मधून निघालेले आहेत. तारा सुटल्या. कोणती कुठली होती याचा फोटो काढून ठेवा, असं भाऊजी भिंतीवरून म्हणाले होते, पण ते तारा सुटल्यावर म्हणाले होते. काका म्हणाले, कंडेन्सरची लाल तार अलीकडे. गुरुजी म्हणाले, पलीकडे. मी लोकशाही मानणारा माणूस. पानठेल्यावरून एक मत मागवलं आणि बहुमताने तार जोडली.

बटण दाबलं. पंखा फिरला! काय तो आवाज, काय ती गती. पंपाने पाणी फेकलं, ताट्या टपटप ओल्या झाल्या, वाळ्याचा वास सुटला. मी पाटावर पंख्यासमोर बनियनवर बसलो आणि वाऱ्याची वाट पाहू लागलो. वारा येईना. उलट मागच्या खिडकीतून झळ यायला लागली आणि समोरचा पडदा कूलरकडे ओढला जाऊन जाळीला चिकटून बसला. मी पडदा सोडवला, तो पुन्हा जाऊन चिकटला. इकडे माझ्या कानशिलावरून घाम ओघळतोय आणि तिकडे रस्त्यावर हसण्याचे आवाज. डोकावून पाहिलं तर भाजीवाल्याने ठेला नेमका आमच्या कूलरच्या मागे लावलेला, तो स्वतः डोळे मिटून उभा, शेजारी गल्लीतलं कुत्रं आडवं पसरलेलं, कुरिअरचा पोरगा हेल्मेट काढून मान पुढे करून उभा, आणि हे तिघं सल्लागार तर खुर्च्या घेऊन आलेले.

“काका,” कुरिअरवाला म्हणाला, “मोटर उलटी फिरून राहिली तुमची. बंद नका करजा पण.”

शास्त्र अगदी बरोबर होतं, फक्त दिशा बदलली होती. माझा कूलर घरातली हवा ओढून, ओल्या ताट्यांतून गाळून, गार करून, बाहेर नंदनवनाला पुरवत होता. तापलेल्या नागपुरात त्या दुपारी एक रस्ता थंड होता आणि त्याचं वीजबिल मी भरत होतो. भाजीवाल्याने जाताना सांबाराची जुडी फुकट दिली. बायको म्हणाली, “चला, लग्नानंतर पहिली कमाई.”

तार बदलायची म्हणजे एक मिनिटाचं काम, पण ते मीच करायचं ठरल्यामुळे लांबलं. मध्ये पंप जळला, मग टाकीला नवीन भोक पडलं, मग सगळं जोडून झाल्यावर एक बोल्ट उरला आणि तो कुठला हे शोधण्यासाठी पुन्हा सगळं उघडलं. अखेर कूलर सरळ फिरू लागला तो नवतपाच्या तोंडावर. सूर्य रोहिणीत गेला की ते नऊ दिवस आम्ही कूलरपुढून हलत नाही. त्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण 2025 साली पावसालाही माझ्या कूलरची बातमी लागलेली दिसली. 24 मेला मान्सून केरळात, 26 मेला मुंबईत, आणि नागपुरावर आभाळ भरून आलेलं. ओल्या हवेत ताटीतलं पाणी वाफ होऊन जाईना. कूलर जोरजोरात फिरे आणि अंगाला नुसती चिपचिप. “आता कसा मस्त चालून राहिला!” काका म्हणाले. मी अंगावर चादर घेऊन ऐकत होतो.

मग पावसाळा. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आहे, हे तुम्ही येताना पाहिलं असेलच. म्हणजे जाणवलं असेल, कारण फाटकातून आत येताना तुम्ही खाली उतरलात. पूर्वी आम्ही घरातून रस्त्यावर उतरायचो, आता चढतो. रस्ता वर गेला, अंगणं खाली राहिली. नागपुरात निम्म्या गल्ल्यांचं हेच गाऱ्हाणं. पाणी बिचारं उताराकडे जाणार, आणि गल्लीतला सगळ्यात मोठा उतार माझ्या फाटकात संपतो. भाऊजींनी सल्ला दिला: फाटकात विटांचा बांध घाला. मी घातला. सिमेंट, रेती, वर घोटाई, आणि ओलं असतानाच बोटाने साल कोरलं, पुढच्या पिढीला कळावं म्हणून. बांध इतका पक्का झाला की स्कूटर आत घेताना रोज फळी लावावी लागे, आणि फळीवरून स्कूटर चढवताना रोज कुणीतरी सांगे, “फर्स्टमध्ये घ्या, फर्स्टमध्ये.” माझी स्कूटर बिनगिअरची आहे.

8 जुलैला जो पाऊस लागला तो तुम्हीही वाचला असेल. दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी द्यावी लागली. रात्री मी टॉर्च घेऊन फाटकात उभा. रस्त्यावरून पाणी खळाळत येई, बांधाला धडके आणि वळून पुढे जाई. एक थेंब आत नाही! मी भाऊजींच्या खिडकीकडे पाहून हात जोडले, छाती फुगवून घरात आलो आणि माझा पाय पाण्यात पडला. पाणी न्हाणीच्या मोरीतून वर आलं होतं. गल्लीची सगळी गटारं तुडुंबल्यावर त्याने सभ्य माणसासारखा मागचा दरवाजा धरला होता. न्हाणीतून स्वयंपाकघर, तिथून व्हरांडा, तिथून अंगण, असं घर बघत बघत ते फाटकापर्यंत गेलं. आणि तिथे बांध होता.

सकाळी पाऊस उघडला. रस्ता तासाभरात सुकला, कारण तो उंचावर आहे. माझ्या अंगणात मात्र पोटरीपर्यंत तळं, त्यात चपला, कुंडी, आणि शाळा बंद असल्यामुळे गल्लीतली तमाम पोरं कागदी होड्या घेऊन. गुरुजींनी परिस्थितीचं निरीक्षण केलं आणि म्हणाले, “बांध फोडावा लागेल.” भाऊजी म्हणाले, “मी तर तेव्हाच म्हणत होतो, खाली एक भोक ठेवा.” ते तेव्हा असं काही म्हणाले नव्हते, पण लोक माना डोलावत होते. काकांनी घरून सब्बल आणली. ज्या बांधावर मी साल कोरलं होतं त्याच्यावर घाव घालताना मला वाईट वाटलं. तो फुटेना तेव्हा जास्त वाटलं. आयुष्यात एकच बांधकाम मजबूत झालं, तेही तोडायचं. शेवटी तो फुटला, पाणी भसकन बाहेर गेलं, गुरुजींची सायकल आडवी झाली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर अंगण धुवायला अर्धी गल्ली आमच्याकडे होती. भाऊजींच्या घरून आलूबोंडे आले, काकूंनी चहाचं पातेलं आणलं, आणि ओल्या पायऱ्यांवर बसून आम्ही जे हसलो, तसं कोरड्या घरात हसल्याचं मला आठवत नाही. एवढं मात्र खरं की हसण्याचा विषय एकच होता, आणि त्याच्या हातात सब्बल होती.

जुलैच्या शेवटी तर साऱ्या शहराचीच कॉलर ताठ झाली. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 28 जुलैला जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, आणि त्याच झटक्यात ग्रँडमास्टर झाली. वय 19. पेढे वाटले गेले, घराघरातून धूळ खात पडलेले पट निघाले, आणि माझ्याही मनात आलं की एका शहराचं पाणी पितो म्हणजे काहीतरी आपल्यातही असणार. पट आणला, सोंगट्या मांडल्या आणि भाऊजींच्या नातीला, ती तिसरीत आहे, खेळायला बोलावलं. लहान मुलीपासून सुरुवात करावी, मग हळूहळू मोठ्यांकडे जावं, असा बेत.

पट उघडल्याचा वास गल्लीला कसा लागतो देव जाणे. पहिलं प्यादं पुढे सरकेपर्यंत तिघंही माझ्या खुर्चीमागे. “घोडा काढा.” “घोडा नको, उंट मोकळा करा.” “वजीर सांभाळा, वजीर!” मी एकाचं ऐकून घोड्याला हात लावावा तर दुसरा माझं मनगट धरी. पोरगी मांडी घालून, गालात चिक्की धरून, पटाकडे बघत बसलेली. तिच्या मागे कुणी नाही. तिने वजीर उचलून माझ्या राजाच्या बोकांडी आणून ठेवला आणि म्हणाली, “मात.” आम्ही चौघांनी वाकून पाहिलं. खरंच मात होती. ती पट आवरता आवरता म्हणाली, “काका, तुमच्याकडून सगळेच खेळून राहिले. तुम्ही कधी खेळणार?”

हे मला लागलं. रात्री झोप येईना. कूलर, बांध, पट, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि माझ्या बरबादीचं मूळ मला सापडलं: फुकटचा सल्ला. आणि मूळ सापडलं की त्याचं काय करायचं हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. आपल्याकडे त्यासाठी मारबत आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची म्हणतात. त्यांच्यासोबत बडगे निघतात. वर्षभर ज्याने ज्याने छळलं त्याचा पुतळा करायचा, महागाईचा करा, भ्रष्टाचाराचा करा, गळ्यात पाटी अडकवायची, वाजतगाजत शहरभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. इतकी सोपी निवारण यंत्रणा दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असं मला वाटत नाही. आमच्या गल्लीतली पोरंही आपल्यापुरता छोटा बडग्या करतात आणि नंदनवनातच फिरवून मोकळ्या प्लॉटवर पेटवतात. यंदा पोळा 22 ऑगस्टला. आठवडाभर आधी पोरं विचारायला आली, “काका, बडग्या कायचा करायचा यंदा?” मी म्हणालो, “फुकटच्या सल्ल्याचा.”

पोरांना कल्पना भलतीच आवडली. मी कमच्या आणल्या, तणस आणलं, वर्षभराची रद्दी दिली. आमच्याच व्हरांड्यात काम सुरू झालं, आणि तुम्ही ओळखलंच असेल, पहिली कमची वाकते न वाकते तोच फाटकातून आवाज आला, “काहून, काय करून राहिले?”

मी विषय सांगितला. मला वाटलं, तिघं जरा ओशाळतील. तिघंही आनंदले. असे लोक फार झाले आहेत, असं त्यांचं एकमत पडलं, आणि मग त्यांनी मनापासून मदत केली. काका म्हणाले, सल्ला देणाऱ्याला तोंड मोठं पाहिजे. तोंड मोठं केलं. भाऊजी म्हणाले, त्याला कान नकोत, तो कुणाचं ऐकत नाही, कान कापले. गुरुजींनी पाटीवरचे दोन अनुस्वार सुधारले आणि एक नवीन दिला. काकू म्हणाल्या, बोट पुढे केलेलं हवं, म्हणून हात लांब झाला. हात लांब झाला म्हणून धड मोठं करावं लागलं. धड मोठं झालं म्हणून डोक्याची टोपली बदलून चांगली लग्नघरातली बुरडाची टोपली आणली, तिच्यावर खळ आणि कागद चिकटवून, डोळे रंगवून, मिशा लावल्या. तयार झाला तेव्हा बडग्या गल्लीतल्या कुठल्याही माणसापेक्षा उंच होता. नाकाच्या बाबतीत तो माझ्यावर गेला आहे, असं बायकोचं मत पडलं. मी ते सल्ला समजून सोडून दिलं.

23 ऑगस्टची सकाळ. बारकी पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा मागत फिरतायत, ढोल आलाय, आणि बडग्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकलाय. तिथे खांबावरून खांबावर टीव्हीच्या, इंटरनेटच्या आणि कशाकशाच्या केबलांचं जाळं लोंबतं. बोट खाली केलं की डोकं वर जाई, डोकं वाकवलं की बोट अडके. तिघं सल्लागार एकदम बोलत होते, पोरं गोंधळली होती, ढोलवाला थांबून बिडी पेटवत होता. आणि मला काय झालं कोण जाणे. मी पायरीवर चढलो आणि माझ्याच तोंडून, कधी नव्हे त्या खणखणीत आवाजात शब्द बाहेर पडले, “तिरपा करा रे! तिरपा करून ओढा!”

पोरांनी ऐकलं. माझं कुणी ऐकण्याची मला सवय नसल्यामुळे मी पुढे थांबा म्हणायला विसरलो. त्यांनी तिरपा केला, ओढला, केबल बरोब्बर गळ्याखाली बसली, कमची कडाडली आणि धड मोकळं होऊन रस्त्यावर गेलं. डोकं टोपलीसकट केबलवर झुलत राहिलं.

क्षणभर सगळे गप्प. मग कुणीतरी पाटीकडे बोट दाखवलं. ‘फुकटचा सल्ला’, आणि वर डोकं नाही! गल्ली अशी हसली की ढोलवाल्याने बिडी टाकून ठेका धरला. “घेऊन जा गे मारबत” करत बिनडोक बडग्या केडीके कॉलेजच्या रस्त्याने निघाला. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते, आणि दुसऱ्या लेआउटमधली पोरं आमच्या पोरांना विचारत होती, आयडिया कोणाची? आमची पोरं माझ्याकडे बोट दाखवत होती. इतक्या वर्षांत गल्लीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझी मान वर राहिली, असा हा पहिलाच प्रसंग.

धड जळलं. डोकं संध्याकाळी काठीने काढलं आणि पाऊस लागला म्हणून मी ते व्हरांड्यात आणून ठेवलं. तेव्हापासून घरात अबोला आहे. “जगाची ईडापीडा म्हणून बाहेर काढलेलं तुम्ही घरात आणलंत?” बायको म्हणाली, आणि तिचंही खरं आहे, कारण 27 तारखेला गणपती बसतोय, चितार ओळीतून मूर्ती आणायची आहे आणि पाटाच्या जागेवरून हे मिशाळ डोकं माझ्याच नाकाने माझ्याकडे पाहतंय. कचऱ्याच्या गाडीवाल्याला दिलं तर तो म्हणाला, “ओला का सुका?” कागद सुका, पण पावसात भिजलेला, त्याने परत दिलं. काका म्हणतात, अंगणात जाळा. भाऊजी म्हणतात, पुढच्या वर्षी कामी येईल, माळ्यावर ठेवा. गुरुजी म्हणतात, नदीत सोडू नका, प्रदूषण होतं. बाकी त्यांना काही सुचलेलं नाही. भाजीवाल्याला ते कूलरवर ठेवायला हवं आहे, म्हणजे यंत्राला कुणाची नजर लागणार नाही.

मी कुणाचंच ऐकणार नाही असं ठरवलं आहे. पण तुम्ही बाहेरचे, शांत डोक्याने विचार करणारे. चहा घ्या, आणि सांगा बरं, काय करू?